शमालमधल्या केळी

“ही बाग आहे की झाडूचं दुकान?”

हॅरिससाहेब केळीकडे बघून मला इंग्लिशमध्ये विचारत होता. अर्धे शब्द नाकातून. मी त्याची नक्कल इतकी बरी करायचो की कामगारांच्या कॅम्पवर पोरं आधी ती मागायची, मग डाळ.

हॅरिस आमच्या बागा लावणाऱ्या कंपनीचा मॅनेजर. बाग एका म्हाताऱ्या बहारीनी व्यापाऱ्याची, बुदैया गावाच्या पुढे, उत्तरेच्या समुद्राला लागून. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दापोलीला बागकामाचा डिप्लोमा करून मी तिथे सुपरवायझर लागलेलो. चिकू, आंबा, चाफा कंपनीच्या प्लॅनमधले. केळीची रांग माझ्या हट्टाने लागलेली.

शमाल म्हणजे वायव्येचा वारा. उन्हाळ्यात सुटला की मीठ आणि वाळू दोन्ही घेऊन येतो. केळीच्या पानाच्या चिंध्या करतो. झाडाला त्याचं काही वाटत नाही, उलट चिंध्यांतून वारा पार होतो म्हणून झाड मोडत नाही. हे मी साहेबाला सांगितलं.

“ओनर पुढच्या आठवड्यात येतोय. तोवर असंच दिसलं तर उपटा. तिथे खडी टाकू.”

खडी! सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे त्या केळीखाली जेवायचो. सित्राच्या रिफायनरीतले गाववाले यायचे, कुणी सुकट आणायचं, कुणी भाकरी. पानं फाटकी, आमटी गळायची. म्हणून स्टीलच्या ताटात जेवायचं आणि पानाकडे बघायचं. तेवढ्यानेही घरी गेल्यासारखं वाटायचं.

पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर शांतारामभाऊ गुहागरचे. ते म्हणाले, “पत्रे ठोक की रे.”

“पत्र्यावरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करतो, भाऊ. अर्धा वारा आत सोडणारं काहीतरी पाहिजे. खजुराच्या झावळ्या बांधू. इथले लोक बरस्ती म्हणतात.”

“म्हणजे आमच्या परसातला कूड. मग डिप्लोमा कशाला केलास?”

कूड बांधला. फाटकी पानं सगळी कापली. उरले फक्त पोंगे, म्हणजे न उलगडलेली, गुंडाळलेली पानं. हॅरिस येऊन बघून गेला. “आधी झाडू, आता मिटलेल्या छत्र्या.”

उन्हाळ्यात पोंगा आठवड्याभरात उघडतो. कुडाआड एकेक उघडत गेला. अख्खं पान, कोवळं, चकचकीत. शांतारामभाऊ रोज टँकर थांबवून बघायचे आणि मग पुढे जायचे.

ओनर आला. काठी टेकत. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डी. चिकू बघितले, आंबा बघितला, केळीपाशी थांबला. पानाला नख लावून बघितलं.

“ये प्लास्टिक है?”

“नहीं बाबा, असली है,” मी म्हणालो.

“झूठ मत बोल. इधर का केला ऐसा नहीं होता. मेरे बाप का बाग इधर ही था. हवा आया तो केला आवाज करता था. माँ बोलती थी, ताली बजाता है.” त्याने केळीकडे कान केला. “वो आवाज किधर है?”

हॅरिस माझ्याकडे बघायला लागला. खडी मला समोर दिसत होती. मग तोंडाने शमाल काढला. आधी लांबून येणारा, मग पानांत शिरलेला. फडफड, फर्र, फट फट फट.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मी थांबलो तर काठीने खूण केली, अजून. घसा कोरडा पडेपर्यंत मी केळ झालो.

“यही,” तो म्हणाला. “ये झावली निकालो. केला इधर ही रहेगा. खलास.”

“येस सर,” हॅरिस म्हणाला. “आमचा तोच प्लॅन होता.”

कूड उतरवला. दोन दिवसांत पुन्हा चिंध्या, पुन्हा स्टीलची ताटं. मी नोकरी सोडेपर्यंत केळी जागच्या जागी होत्या.

क्लायंटला काय हवं ते काम सुरू करण्याआधी विचारावं, हे मी तिथे शिकलो. हॅरिस जरा जास्तच शिकला. एकदा ओनरच्या व्हिजिटच्या तोंडावर वारा पडला, तर तो हळूच येऊन विचारायला लागला, पानं हाताने फाडता येतील का.