वानखडे सरांचा रोजचा सूर्य

भिंगावर धूळ जमते ना, तसे गच्चीवर दुर्बीण मांडून बसणाऱ्यांपाशी किस्से जमतात. कितीही पुसा, थोडे राहतातच. मी पेशानं वकील, त्यातून अमरावतीचा, त्यामुळे सांगताना मीठ जरा जास्त पडतं, हे आधीच कबूल करतो. पण हे राहिलेले किस्से माझ्याच्यानं पुसवत नाहीत.

आमचं खगोल मंडळ तीन माणसांचं. मी, अकोल्याचे गुरांचे डॉक्टर गावंडे आणि शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले वानखडे सर. लोक रात्री तारे पाहतात, सर दिवसा सूर्य पाहायचे. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं, त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं जसेच्या तसे उतरवायचे, मोजायचे आणि खाली आकडा लिहायचा. रोज एक कागद. तीस वर्षं!

पेन्सिल मात्र कुणाला द्यायचे नाहीत. म्हणायचे, "परत्येकाची नजर येगळी मोजते, वकील. हे सारं एकाच नजरेनं मोजलं, म्हनून त्याले किंमत आहे. एक आकडा खोटा निघाला तं बाकीच्यावर कोन भरोसा ठेवन?"

* * *

एप्रिल लागला की गच्चीवर दोन पार्ट्या पडायच्या. एकीकडं सरांची दुर्बीण, दुसरीकडं कुसुमकाकूंच्या, म्हणजे सरांच्या मिसेसच्या, कुरडया. उघड्या उन्हात कागदावरचं बिंब फिकं पडतं, म्हणून काकू एका हातानं सरांच्या कागदावर छत्री धरायच्या आणि दुसऱ्या हातानं कावळे हाकलायच्या. तोंड मोकळंच!

"चव्वेचाळीस डिग्री आहे! अख्खी अमरावती याच्यापासून लपून राहिली, आन हा मानूस त्याले शोधून राहिला!"

* * *

पावसाळ्यात सरांची तब्येतच बिघडायची. नुसतं वर्तुळ काढायचं आणि खाली 'ढग' लिहायचं, हे त्यांना सोसायचं नाही.

एका जुलैत आभाळ आठ दिवस भरून राहिलं आणि पावसाचा थेंब नाही. नवव्या दिवशी सर म्हणाले, "वकील, वलगावकडं उजेड दिसून राहिला. गाडी काढा." मी स्कूटरवर पुढं, सर मागं, आणि त्यांच्या मांडीवर दुर्बीण, तान्ह्या लेकरासारखी.

वलगावात झाडाखाली पाच-सहा माणसं वर पाहत बसलेली. पेरण्या झालेल्या, बियाणं मातीत पडलेलं. सरही त्यांच्याशेजारी उभे राहून वर पाहू लागले. एका म्हाताऱ्यानं मोठ्या आपुलकीनं विचारलं, "सर, तुमी काय पाहून राहिले?"

"ढग फाटते काय, ते."

झाडाखालच्या सगळ्या माना सरांकडं वळल्या. मग म्हातारा हळूच म्हणाला, "सर, तुमी चांगले मानूस आहा. पन आज गावातून लवकर जा."

* * *

एकदा मी आगाऊपणा केला. सर चहाला खाली गेले असताना दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगावर पेनानं बारीक टिंब दिलं. सर वर आले, मोजलं, काढलं, आकडा लिहिला. मी घरी जाऊन पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "वकील, सूर्य सोताभोवती फिरते. त्याच्यावरचे डाग रोज थोडे सरकते. कालचा एक डाग सरकला नाई. तो सूर्यावरचा नाई, तुमच्या कोर्टाच्या बाररूममधला आहे!"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कागद फाडला नाही, त्यावर 'वकिलाचा डाग' असं लिहून फाइलला लावला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "खोट्या साक्षीले तुमच्या कोर्टात काय शिक्षा आहे?"

* * *

आपलं आदित्य यान सूर्याच्या अभ्यासाला निघालं, त्या दिवशी आम्ही सरांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. यान उडालं. टाळ्या झाल्या. गावंडे डॉक्टर जोशात म्हणाले, "सर, आता हे चोवीस तास पाहीन. तुमी सुट्टी घ्या!"

सर टीव्हीकडंच पाहत राहिले. मी आपलं वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "कायचं सूर्याकडं? सूर्य पंधरा कोटी किलोमीटर, आन हे पंधरा लाखावर थांबनार. म्हंजे पुन्याले म्हनून निघाले आन बडनेऱ्याच्या अलीकडंच उतरले!"

डॉक्टरांना ठसका लागेस्तोवर हसू आलं. सरांनी टीव्ही बंद केला.

"पन तिथं ढग नसते, वकील," ते म्हणाले.

* * *

मागच्या वर्षी डॉक्टरांनी टूम काढली, "एक दिवस तिघंही काढू ना!" सरांनी पहिल्यांदाच पेन्सिल दिली. डॉक्टरांचे डाग बारा निघाले. माझे अकरा. सरांचे सहा.

"डॉक्टरांनी म्हशीवरचे गोचीड मोजले वाटते!" मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

"तुमी दोघं चुकले," सर म्हणाले. मग तिन्ही कागद हातात धरून उभे राहिले. "नाई. दोघं एकसारखे कसे चुकतीन?"

* * *

अंतराळातल्या यानांनी काढलेले सूर्याचे रोजचे फोटो इंटरनेटवर मिळतात. सर म्हणाले, "मही नजर कधीपासून खोटं बोलून राहिली, तेवढं मले पाह्यचं आहे."

डॉक्टर लॅपटॉपवर बसले, मी फाइल घेतली आणि आम्ही आजपासून मागं निघालो. "यान चौदा." "सर आठ." "यान नऊ." "सर चार." मी कागद पुढं करायचो, सर लाल पेन्सिलीनं स्वतःचा आकडा खोडायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची तपासत होते. मला एकही विनोद सुचेना.

आणि मधेच आकडे जुळले! सलग अठरा कागद. यान दहा, सर दहा. यान सात, सर सात.

"थांबा," सर म्हणाले. "तारीख सांगा."

आदल्या डिसेंबरची तारीख होती. तेव्हा सर अकोल्याला दवाखान्यात होते, हृदयाचं ऑपरेशन होऊन. जाताना बजावून गेले होते, तेवढी पानं कोरी ठेवा. आल्यावर ती कोरीच असणार म्हणून उलटून पाहिली नव्हती.

"वकील?"

"आईची शपथ, सर! मी हात नाई लावला."

"डॉक्टर?"

"मी तं तुमच्या खाटेजवळ होतो."

तिघांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काहून असे पाहून राहिले? तीस वर्षं छत्री कोनं धरली? पाठ नाई होईन काय? रोज सकाळी कागद काढला, मंगच अकोल्याची गाडी धरली. पान कोरं दिसलं असतं तं घरी येऊन आनखी आजारी पडले असते!"

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुमी पेन्सिल कोनाले देता?"

सरांनी ते अठरा कागद स्वतःकडं ओढून घेतले. मग त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, साधी घेतली, आणि अठराही कागदांवर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'निरीक्षक – कुसुम वानखडे.'

त्यानंतर लाल पेन्सिल परत उचलली. अजून सात महिन्यांचे कागद खोडायचे होते.

* * *

यंदा मे महिन्यात सर गेले.

सकाळी दहाची वेळ. अंगणात माणसं दाटलेली, वंदनेला भंतेजी येऊन बसलेले, गाडी दारात लागलेली. आणि काकू दिसेनात. बायका घरभर शोधू लागल्या. मी कुणाला न विचारता गच्चीचा जिना चढलो.

काकू दुर्बिणीखालच्या कागदावर वाकल्या होत्या.

"काकू, खाली लोकं थांबले."

"थांबू द्या. तिकडून ढग येऊन राहिला."

मी उभा राहिलो. त्यांनी घाई केली नाही. काढून झालं, मोजून झालं, आकडा लिहिला, कागद तिथंच दगडाखाली ठेवला आणि खाली उतरल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. काकू सरांच्या उशाशी बसल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या.

"सात," म्हणाल्या.

मग उठून आमच्याकडं पाहिलं.

"न्या आता."