हातभर अंतरावर

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. पाळणाघराच्या मागच्या खोलीत काकू फरशीवर बसल्या आहेत, पाठ भिंतीला, पाय पसरलेले. हातभर अंतरावर साडेतीन वर्षांची मुलगी पालथी पडून लाथा झाडते आहे. खेळातल्या डब्याचं लाल झाकण दुसऱ्याने घेतलं, एवढंच कारण. तिला इथे सगळे मिरची म्हणतात.

काकू तिला उचलत नाहीत, दटावत नाहीत, खाऊ दाखवत नाहीत. लाथा थांबल्यावर एवढंच विचारतात, "राग आला?"

"खूप."

"येऊ दे. मी आहे इथंच."

थोड्या वेळाने मिरचीचं डोकं त्यांच्या मांडीवर येतं.

खोलीत कॅमेरा आहे. चित्र पालकांच्या फोनवर दिसतं, आवाज जात नाही. मिरचीच्या वडिलांनी ऑफिसातून पाहिलं ते असं: मुलगी लोळतेय आणि बाई निवांत बसलीय. त्यांनी लगेच तक्रार केली. ऑफिसात डोकं तापलं तर मोठी माणसं बाहेर एक चक्कर मारून येतात. मिरचीने मात्र मिनिटात शांत व्हायचं.

दुपारी संचालिका मॅडम टॅबलेट घेऊन आल्या. "काकू, उद्यापासून मूल रडलं की कार्टून लावायचं. जमत नसेल तर तुम्ही स्वयंपाकघर बघा."

"मूल म्हणजे काय गळका नळ आहे, पिळला की बंद?"

"आवाज चढवू नका."

"का? मलाही कार्टून लावणार?"

काकूंनी टॅबलेट कप्प्यात टाकला आणि कप्पा असा आदळला, की झोपलेली दोन मुलं दचकून रडायला लागली. मॅडम त्यांना थोपटायला धावल्या. चूक काकूंची होती, ती त्यांना कळलीही. त्या भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

मिरची आली. हातभर अंतर सोडून, पाठ भिंतीला लावून बसली. मग तिने विचारलं, "राग आला?"

"खूप."

मॅडमनी हे पाहिलं. स्वयंपाकघराचा विषय पुन्हा न काढता त्यांनी मिरचीच्या वडिलांना फोन लावला आणि आत्ता पाहिलं ते सांगितलं. पलीकडून नुसतं "पण… पण…" येत होतं. काकूंनी फोन मागून घेतला.

"दादा, चित्र पाहिलंत. आता आवाजही ऐका. या आणि बसा इथं. मग ठरवा, मी इथं राहायचं का स्वयंपाकघरात."

उद्या सकाळी नऊला ते येणार आहेत, अर्ध्या तासासाठी. फरशीवर बसावं लागेल. त्या खोलीत खुर्ची नाही.