पॉश एरियात कोणी पुसत नाही

घर शोधणारी माणसं आणि डबा खाणारी माणसं एका टेबलाला बसली, की किस्से साठणारच. डब्यात उरलेली भाजी संध्याकाळी निदान टाकून तरी देता येते. किस्से कुठे टाकणार? ते आंबतही नाहीत, उलट दरवेळी कोणीतरी वरून फोडणी देतं!

आमचं टेबल म्हणजे चेन्नईतल्या अंबत्तूरच्या कंपनीच्या कँटीनमधलं, हात धुवायच्या बेसिनला चिकटलेलं. तिथे आम्ही चार मराठी माणसं बसतो. मी कोल्हापूरची, परचेसमध्ये. निखिल पुण्याचा, आणि तो हे कोणाला विसरू देत नाही. संदीप सोलापूरचा, क्वालिटीत. त्याला खोटं बोलता येत नाही म्हणूनच क्वालिटीत टाकलंय, असं आमचं मत. चौथे अकाउंट्सचे वेंकटराव सर, मूळचे तंजावरचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण ते पार जुन्या वळणाचं. "आमचें मराठी जुनें आहे, तुमचें बिघडलेलें," असं ते भातावर सांबार ओतता ओतता सांगतात. आपण काय बोलणार? सांबार त्यांचं!

तर आमच्या टेबलावरचा कायमचा विषय एकच. चेन्नईत पॉश एरिया म्हणायचं कशाला?

*

सुरुवात माझ्यापासून. मी नवीन आले तेव्हा ब्रोकरने पहिलंच घर दाखवलं ते अण्णा नगरला. आयला, काय एरिया! रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, बंगल्यांना एवढाली गेटं. मी उड्या मारत घरी फोन केला.

"आई, अण्णा नगरला घर बघितलं!"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग आई म्हणाली, "अण्णा नगर? आणि पहाटे नळावर भांडायला कोण जाणार, तू?"

मी परोपरीने सांगितलं, अगं, इथे ते लई भारी समजतात. पण आपल्याकडे अण्णा नगर म्हणजे काय असतं ते आईच्या डोक्यात पक्कं. "नगर नको बाई. जरा बरी वस्ती बघ."

भाडं मला झेपणारं नव्हतंच, ती गोष्ट वेगळी. पण आईने नको म्हटलं म्हणून मी अण्णा नगर सोडलं, असं मी आजही चारचौघांत सांगते.

*

निखिलचं उलटं झालं. त्याला घर मिळालं क्रोमपेटला. साधाच एरिया, कंपनीपासून लांब, पण गडी खूश. पुण्यातल्या आत्याला त्याने छाती फुगवून सांगितलं, "आत्या, मी इथेही पेठेतच राहतो!"

"अरे वा! कुठली पेठ?"

"क्रोम पेठ."

आत्या जरा विचारात पडली. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळ्या पेठा तिच्या पाठ. शेवटी म्हणाली, "बरं बरं. तिकडे आठवा वार असेल."

*

पण खरा घोळ घातला वेंकटराव सरांच्या मराठीने. निखिल घर बदलायच्या विचारात होता, तेव्हा सर त्याला अगदी बापाच्या मायेने म्हणाले, "घर घेण्यापूर्वीं शेजाऱ्यांस नीट पुसा."

निखिलचा घास हातातच राहिला. "शेजाऱ्यांना? कशाने पुसू, सर?"

"तोंडानें!"

टेबलावर जो हलकल्लोळ झाला! हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी. मग कळलं, सरांच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं. फरशी पुसायला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, तो त्यांनी रागाने सांगितलाच नाही. वर आम्हालाच सुनावलं, "तुम्ही 'कुत्रं पुसत नाहीं' असें म्हणतां ना? तें कुत्रें काय फडकें घेऊन येतें?"

मग हात धुता धुता सरांनी आमच्या कायमच्या विषयाचा निकालच लावला. "पॉश एरिया म्हणजे काय, सांगूं? जेथें तुम्हांस कोणी पुसत नाहीं तो."

*

याचा अनुभव लगेच आला. संदीपसाठी घर बघायला मी आणि तो नुंगंबाक्कमच्या एका पॉश गल्लीत गेलो. ऑफिसांच्या मागची शांत गल्ली. एवढी शांत, की पत्ता विचारायला माणूस नाही. तेवढ्यात एक जण कुत्रं फिरवत आला. कुत्रं मालकाचं, फिरवणारा पगारी.

मी विचारलं, "या बिल्डिंगमध्ये शेजारी कसे आहेत?"

तो उत्साहाने सांगायला लागला. पहिल्या मजल्यावर सीझर, स्वभावाने गरीब. दुसऱ्यावर ब्रूनो, पोट नाजूक, दहीभात खातो. तिसऱ्यावर कोको, तिला फटाक्यांची भीती वाटते.

"आणि माणसं?"

"माणसांचं काही माहीत नाही, मॅडम."

परत येताना संदीप गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे इथे कुत्र्याला सगळे पुसतात."

*

आता संदीपची धावपळ कशासाठी चालली होती ते सांगते. त्याचं आणि मृणालचं कॉलेजपासूनचं. ती पुण्याची, चांगली नोकरी, इकडे बदली मिळत होती. सगळं जुळलं होतं, फक्त तिच्या वडिलांनी होकार धरून ठेवला होता. "मुलगा चांगला आहे, पण पोरगी राहणार तो एरिया मी डोळ्यांनी बघणार. वस्ती चांगली नसेल तर माझं नाही म्हणजे नाही," असं त्यांनी सांगून टाकलं. आणि मृणाल आई गेल्यापासून वडिलांचा शब्द मोडत नव्हती.

संदीप राहतो पाडीत. कंपनीला जवळ, भाडं परवडणारं. खाली इस्त्रीवाला, समोर टपरी, कोपऱ्यावर भाजीवाली, सकाळी फुलवाली. पॉश म्हणावं असं काही म्हणजे काही नाही!

ब्रोकरने त्याला एक समुद्राकाठचा फ्लॅटही दाखवला होता. जिम, पोहायचा तलाव, समुद्राची हवा. सोबत वेंकटराव सर. चेन्नईत जन्म गेलेला माणूस, त्यांनी ना तलाव बघितला ना समुद्र. सरळ किचनमध्ये गेले, नळ सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि बेसिनमध्ये थुंकले. "मीठ सांबारांत घालावें. नळांत नको!"

झालं, पाडीच फायनल.

ब्रोकरने जाता जाता सल्ला दिला की पाडी म्हणूच नका, 'वेस्ट एक्स्टेन्शन' म्हणा, ऐकायला बरं वाटतं. पण क्वालिटीचा माणूस तो! त्याने फोनवर खरं तेच सांगितलं. पलीकडून मृणालच्या वडिलांचा आवाज आला, "पाडी? गाईची असते ती?"

*

ते येणार म्हणून टेबलावर युद्धपातळीवर बैठक. मी माझ्या कुंड्या देऊ केल्या. निखिल म्हणाला, गेटवर 'रेसिडेन्सी' अशी पाटी लावू. मग म्हणाला, कुत्रं भाड्याने आणू, शक्यतो परदेशी!

संदीपला हसू आलं नाही. "अरे, त्यांनी नाही म्हटलं तर ती येणार नाही," एवढंच म्हणाला. त्याने डब्याला हातही लावला नव्हता. वेंकटराव सरांनी गुपचूप आपल्यातलं उडदाचं डांगर त्याच्या डब्याच्या झाकणात वाढलं.

शनिवारी मृणालचे वडील आले. उंच, ताठ, केस कुळकुळीत काळे केलेले. बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट संशयाने बघायची सवय. गल्ली बघितली, टपरी बघितली, "हं" म्हणाले. मी चहा केला होता. त्यालाही "हं" म्हणाले.

रविवारी सकाळी ते एकटेच दूध आणायला खाली उतरले. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. मी भाकऱ्या करायला आले होते, संदीप येरझाऱ्या घालत होता. शेवटी ते आले, दुधाच्या पिशवीसोबत हातात कढीपत्ता आणि चेहरा कसनुसा.

"संदीप, तुम्ही खाली माझ्याबद्दल काय सांगून ठेवलंय?"

"मी? काही नाही! का?"

"दूधवाला मला म्हणाला, अण्णा! भाजीवालीने अण्णा म्हणून हा कढीपत्ता फुकट दिला. इस्त्रीवाल्याने तर रस्त्यापलीकडून हाक मारली, अण्णा, साप्टींगळा? म्हणजे काय?"

"जेवलात का, विचारतोय," मी म्हटलं.

"पण माझं घरातलं नाव त्याला कसं कळलं?"

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं, की मृणालच्या वडिलांना घरात अण्णा म्हणतात. आणि चेन्नईत रस्त्यावरच्या प्रत्येक पुरुषाला अण्णा म्हणतात! दादा म्हणावं तसं. त्यात यांचे केस काळे, म्हणजे आजोबा म्हणायची सोय नाही.

संदीपने खरं सांगायला तोंड उघडलं. मी अण्णांच्या नकळत त्याच्या पायावर असा पाय दिला, की ते तोंड मिटलं!

अण्णा खुर्चीत बसले. कढीपत्त्याची काडी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, की मृणालची आई गेल्यावर ते जुनं घर विकून उंच टॉवरमध्ये राहायला गेले. फार पॉश. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात. वॉचमन त्यांना फ्लॅटच्या नंबरने ओळखतो.

"अण्णा म्हणणारी आता ही एकटी पोरगी उरलीय," ते म्हणाले. "ती इकडे आली की..."

मी भाकरी परतायला आत गेले. भाकरी कधीच परतून झाली होती, पण गेले.

दुपारी वेंकटराव सर जेवायला आले. अण्णांनी त्यांना गाठून विचारलं, "तुम्ही इथले जुने. खरं सांगा, वस्ती कशी आहे?"

सर म्हणाले, "पॉश नाहीं. येथें सारे पुसतात."

अण्णांनी भुवया उंचावल्या. पण बँकेतला माणूस, आधी शब्दाचा ताळा जमवला. मग हळूच मान हलवली. होकार मात्र दिला नाही.

*

संध्याकाळी त्यांची गाडी सेंट्रलहून होती. तिरुमंगलमला आम्ही मेट्रोत बसलो. अण्णा खिडकीपाशी, शेजारी संदीप, समोर मी, मांडीवर त्यांचा डबा. संदीपला दरदरून घाम फुटलेला, एसी असून! मला कळलं, याच्या पोटात काही राहत नाही, हा आता सगळं ओकणार. मी डोळ्यांनी खुणावलं, नको रे बाबा! पण क्वालिटी ती क्वालिटी.

"अण्णा," तो म्हणाला, "एक खरं सांगायचंय. ते खाली सगळे तुम्हाला अण्णा म्हणत होते ना..."

तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून बाई पुढचं स्टेशन सांगायला लागली, "अडुत्त निलयम, अण्णा नगर टॉवर."

अण्णांनी वर बघितलं. स्टेशन आलं. भल्यामोठ्या पाटीवर ते नाव. त्यांनी चष्मा लावून ती पाटी सावकाश वाचली आणि चष्मा काढून ठेवला. दारं मिटली. संदीपने पुन्हा धीर केला. "म्हणजे अण्णा, त्याचं असं आहे की..."

"अडुत्त निलयम," बाई म्हणाली, "अण्णा नगर ईस्ट."

अण्णांनी एक हात संदीपच्या गुडघ्यावर ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे मात्र जरा जास्तच होतंय हं!"