सुपारीला मारलेली मिठी

आखातात, खैतान भागातल्या एका खोलीत आम्ही चौघं. शुक्रवारी जेवणं झाली की फाशांचा खेळ. आमच्यातले रायगडचे चाचा राई भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर. कुणा गोऱ्याने देश सोडताना टाकलेला डबा त्यांनी आणला होता. त्यात जाडं पुस्तक आणि वीस तोंडांचा फासा. आपण योद्धा व्हायचं, राक्षसाशी लढायचं, फासा पडेल तसा वार लागणार. पुस्तक चाचा वाचायचे. मी शाळेत सावलीपुरता गेलेला.

पुस्तकात कुस्तीचे नियमच चार पानं होते. मी कंटाळून म्हटलं, "चाचा, मिटा ते. माझा नियम घ्या. एकदा धरलं की वीस पडल्याशिवाय सुटका नाही." सगळ्यांना पटलं. माझं म्हणणं पटलं तिथंच मी घाबरायला हवं होतं.

त्या शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ, खिडकी तांबडी झालेली. दुसऱ्या दिवशी सुलैबियाला माझी वेल्डिंगची टेस्ट. नापास झालो तर कॉन्ट्रॅक्ट संपलं, सरळ घरी.

राक्षसाची सोंगटी सापडेना. तिच्या जागी मी पटावर चिमूटभर तांदूळ टाकून सुपारी ठेवली आणि मस्करीत गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्यांची जिरव!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"माझा योद्धा मिठी मारतो," म्हणत मी उजवी मूठ आवळली. डाव्या हाताने फासा टाकला. तीन. अकरा. परत तीन. मूठ उघडायला गेलो, उघडेना.

"रे, हात उघडणा नाय!"

"नाटक्या, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये मेला होतास," चाचा हसले. मेल्याचं सोंग केलं होतं, खरंच आहे.

मग त्यांचं लक्ष पटावर गेलं. तांदळात नुसता खड्डा. सुपारी नव्हती.

खोलीतला देवगडचा पार्टनर हळूच म्हणाला, "मांडललो देव अक्षता न टाकता उठवलंस?"

मी हातसुद्धा लावला नव्हता. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? डाव्या हाताने तांदूळ मुठीवर टाकले. "चुकलंय म्हाराजा. हात सोड, उद्या टेस्ट आसा."

 शेवटी चाचाच पुटपुटले, "होय महाराजा."

एकेक बोट सुटलं. आत सुपारी होती, गरम.

"तूच लपवली असशील," पार्टनर म्हणाला. पण उचलून बघायला तयार नव्हता.

टेस्टला पास झालो. फोरमन म्हणाला, हात एकदम स्थिर आहे तुझा. मी मान हलवली. वीस अजून पडले नव्हते, मनगटाला कुणीतरी धरून होतं, हे त्याला कशाला सांगू?