मोसंबीवरची सुई

परभणीच्या प्रशिक्षणात गावोगावच्या बायकांना शेळीला लस टोचायला मी शिकवायचो. सरावासाठी प्रत्येकीच्या हातात एकेक मोसंबी द्यायचो. झरीकडच्या एका मावशींचा हात सगळ्यांत सफाईदार होता. सुई टोचण्याआधी त्या मोसंबीवरून अंगठा फिरवायच्या, लेकराला गोंजारावं तसा.

दोन महिन्यांनी त्यांच्या गोठ्यावर गेलो, तर प्रशिक्षणात दिलेल्या सुया पाकिटातून निघाल्याच नव्हत्या. मी जरा रागानंच विचारलं, "मावशी, तुम्हाला तर सगळं येत होतं ना?"

"येतंय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर सायेब, मोसंबी हालत न्हाई. शेळी धरायलाच दोन हात लागतेत."

माझा राग उतरला. म्हटलं, मी धरतो, तुम्ही टोचा. मी शेळीचे मागचे पाय पकडले आणि तिनं एका झटक्यात मला लेंड्यांत बसवलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी शेळीची मान माझ्या गुडघ्यांत दिली, माझा तळवा तिच्या हनुवटीखाली ठेवला, अंगठा फिरवला आणि टोचून मोकळ्या झाल्या.

इतकी वर्षं मी हे शिकवत होतो. शेळी धरली ती त्या दिवशी, पहिल्यांदा.