तीन बाटल्यांची वयं

आमच्या गल्लीत तिला सगळे बुडबुडेबाई म्हणतात. मी शाळामास्तर; माझ्या वर्गात होती तेव्हा ती वहीत एक शब्द चुकला तरी अख्खं पान पुन्हा लिहून आणायची. टोपणनाव पुढे नोकरीने दिलं. भूजल कार्यालयात ती अकरा वर्षं पाण्याचे नमुने गोळा करते आहे, तेही हंगामी म्हणून. बोअरच्या नळाला तांब्याची बारीक नळी जोडायची, तिचं टोक बादलीत बुडवलेल्या काचेच्या बाटलीच्या तळाशी सोडायचं, आणि झाकणसुद्धा पाण्याखालीच लावायचं. मग बाटली उलटी करून टिचक्या मारायच्या. मोहरीएवढा बुडबुडा वर आला, तरी पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून.

"पाण्याचं वय काढते म्हणे," तिच्या सासूबाई शेजारणींना सांगत. "घरात माझं वय कुणी विचारत नाही."

हे वय काढतात कसं, ते तिने मला आमच्या ओट्यावर बसून समजावलं होतं. जुन्या फ्रिजमध्ये जो वायू भरत, तो माणसाने बनवलेला. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तो हवेत जवळपास नव्हताच. पुढे कित्येक वर्षं तो वाढत गेला. पाऊस पडताना हवेतला थोडा वायू पाण्यात उतरतो, आणि पाणी खोल मुरलं की वरच्या हवेशी त्याचा संबंध तुटतो. म्हणजे पाण्यात तो वायू किती, ते मोजलं की ते पाणी जमिनीत कधी शिरलं याचा अंदाज येतो. बुडबुड्याची भीती त्यासाठीच. आजच्या हवेचा थेंबभर अंश आत गेला, तरी म्हातारं पाणी तरुण दिसायला लागतं.

मागच्या उन्हाळ्यात तिला टेकडीमागच्या वस्तीत पाठवलं. तिथे एकच बोअर. त्यातून खालच्या नव्या इमारतींना पाणी द्यायचं पालिकेच्या मनात होतं. पाणी पावसाने भरून निघणारं असेल तर हरकत नव्हती. फार जुनं असेल, तर उपसलेलं लवकर परत येणार नव्हतं.

जीप निघताना पाहिलं तर नळीवर कुणीतरी लोखंडी पेटी ठेवलेली, नळी पार चेपलेली. नवी मागवायची तर आठवडा गेला असता. घर वाटेतच होतं आणि खाली दिराचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान.

"भावोजी, चार हात तांब्याची नळी आहे का?"

"वहिनी, नळी नसायला मी काय फ्रिजला सुतळी बांधतो?" म्हणत त्याने एक वेटोळं काढून दिलं.

तिने ते साबणाने धुतलं, वस्तीवर जाऊन तीन बाटल्या भरल्या. एकीतही बुडबुडा नव्हता. नमुन्यासोबतच्या कागदावर 'नळी' या शब्दापुढे तिने अकरा वर्षांच्या सवयीने 'कार्यालयाची' असं लिहिलं आणि सही केली.

तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा निकाल आला. पहिली बाटली तीस वर्षांची, दुसरी चाळीस, तिसरी पंचेचाळीस. साहेबांनी सरासरी काढली. "अडतीस. छान, भरून निघणारं पाणी आहे." पालिकेची बैठक त्याच आठवड्यात होती.

ती मात्र त्या तीन आकड्यांवरच अडली. एकाच बोअरचं, एकाच तासात भरलेलं पाणी. त्याचं वय बाटलीगणिक वाढेल कसं? ती तडक दुकानात गेली.

"भावोजी, ती नळी नवीच होती ना?"

"नवी?" तो हसला. "नवी गिऱ्हाइकाला लावतो. घरच्यांना जुनी. एका खटारा फ्रिजमधून काढली होती. का, गळली की काय?"

ती पायरीवरच बसली. फ्रिजच्या नळीच्या आत तेलाचा थर असतो आणि त्यात तोच वायू जिरलेला असतो. साबणाने निघणारा तो नव्हता. पहिल्या बाटलीला त्याचा सगळ्यात मोठा वाटा मिळाला, मग पाणी वाहत गेलं तशी नळी धुतली गेली.

बैठकीला दोन दिवस असताना तिने घरी सगळं सांगितलं. तिला कायम करण्याची फाइल अकरा वर्षांनी पहिल्यांदा साहेबांच्या टेबलावर पोचली होती.

"तोंड उघडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं उन्हात काढलीस, ती कुणी मोजली?"

"आणि माझ्या दुकानाचं नाव कशाला मध्ये?" दीर म्हणाला. "पाण्यात विष थोडंच घातलंय मी!"

"विष असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "लगेच कळलं तरी असतं. हे कळायला कित्येक वर्षं जातील, आणि तेव्हा बोअर कोरडी असेल."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, वस्तीचा नमुना बाद करा. नळी कार्यालयाची नव्हती, फ्रिजची जुनी होती."

साहेबांनी तिन्ही आकडे पुन्हा पाहिले. ते शिकलेले गृहस्थ, त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. "चौथी बाटली भरली असती तर?"

"आणखी म्हातारी निघाली असती."

"कागदावर 'कार्यालयाची' लिहिलंय. सही तुमची आहे."

"हो."

"बाई, तुमची फाइल याच टेबलावर आहे, हे माहीत आहे ना?" त्यांनी चष्मा काढला. "मी हे ऐकलंच नाही, असं समजू?"

"मी लिहून आणलंय," असं म्हणून तिने कागद पुढे केला.

बैठक पुढे ढकलली गेली. नव्या नळीने पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी साहेब स्वतः बादलीशी उकिडवे बसून होते. निकाल आला: वायू जवळपास नाहीच. ते पाणी पडलं तेव्हा तिच्या सासूबाई दोन वेण्या घालून शाळेत जात असतील, किंवा त्याच्याही आधीचं असेल.

इमारतींची पाइपलाइन रद्द झाली. 'नोंदीत चुकीची माहिती' असा शेरा मारून तिची फाइल परत आली. नेमणूक वाढली ती फक्त सहा महिन्यांसाठी. इमारतींतली माणसं तिला पाहून म्हणतात, "ही बघा, आमचा नळ बंद करणारी." दीर आठ दिवस बोलला नाही. सासूबाई बोलल्या, पण ते मी इथे लिहीत नाही.

वस्तीला निकाल सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. मीही सोबत गेलो होतो. बोअरपाशी सात-आठ बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. तिने सगळं नीट सांगितलं.

"म्हणजे हे पाणी भरून येत नाही?" एका म्हातारीने विचारलं.

"येत असेल तर फार हळू, आजी. पातळी दर वर्षी हातभर खाली जातेय."

"मग पुरेल किती वर्षं?"

"ते या बाटलीवरून कळत नाही."

"अगं बाई! मागचं सगळं सांगतेस आणि पुढचं ठाऊक नाही? तुझ्यापेक्षा ज्योतिषी बरा, तो खोटं का होईना, आकडा तरी देतो."

बायका हसल्या. मग हसू हळूहळू विरलं. पुढे उभ्या असलेल्या तरुण बाईने बादली नळाखाली सरकवली होती, तोटीवर हात ठेवला होता. तिने तो तसाच धरून हिच्याकडे पाहिलं.

"मग ताई, आता भरू की नको?"

तिने पुढे होऊन बादली नळाखाली नीट मधोमध केली.

"भरा," ती म्हणाली. "काठोकाठ नको. सांडेल."