सदऱ्याआडचं शरीर

मडिवाळप्पा सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. चौऱ्याहत्तर साली छापखानेवाल्या मानसिंगांनी त्यांच्याकडे मुलांसाठी शरीराचं पुस्तक मागितलं. मजकूर जेमतेम, बाकी सगळं चित्रांनी सांगायचं. मास्तर हो म्हणाले आणि त्यांच्या संध्याकाळी संपल्या.

शाळा सुटली की ते खिडकीशी बसत. फुप्फुसं, जठर, आतड्यांची वेटोळी. बायको जगदेवी चहा ठेवून जाई, तो तसाच गार होई. वर्षभरानं चित्रं पुरी झाली.

शेजारच्या दगडाबाई वैरागकडून गिरणीच्या कामासाठी आलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पोट उघडं दाखवलेलं चित्र बघून त्या जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, ह्या माणसाला कुणी चिरलंय वो?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात चित्र फिरवलं. निम्म्या पोरांना तो माणूस मेलेलाच वाटला.

त्यांनी सगळं पुन्हा काढायला घेतलं. आता एका पानावर भाकरी खाणारा माणूस. पुढच्या पानावर तोच, सदऱ्याची बटणं सोडलेला, आत जठर दिसतंय आणि तोंडात घास आहेच. बारीक रेषा काढताना मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येई. जगदेवी म्हणाली, पहिलीच चित्रं देऊन टाकायची होती. तेही मनात तेच म्हणत, पण ब्रश खाली ठेवत नसत.

पुस्तक छापून आलं तेव्हा रंग सरकले होते. हृदयातलं लाल रक्त रेषेबाहेर, सदऱ्यावर सांडल्यासारखं. मानसिंगांनी मान खाली घालून सांगितलं, कागदच मिळत नाही, पुन्हा छापणं व्हायचं नाही. मास्तर भांडले नाहीत. भांडायला लागतं तेवढं अंगात उरलं नव्हतं.

तेच पुस्तक त्यांनी वर्गात वाटलं. लाल रंगाकडे बघू नका, काळ्या रेषेवरून बोट फिरवा, असं सांगितलं. पोरं बोटं फिरवू लागली. माणूस मेलाय का, असं मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मानसिंग आकाशावरचं पुस्तक मागायला आले.

"दुसरं कुणी बघा," मास्तर म्हणाले. "मी दमलो."

मानसिंगांनी आग्रह केला नाही. जगदेवीनं दोघांपुढं चहा ठेवला. मास्तरांनी तो गरम असतानाच प्यायला.